टॉवेल-टोपीचे दफ्तरदार

सोयगावकडच्या लग्नात नवरदेव उशिरा आला तर चालतं, भटजी उशिरा आले तर चालतं, आचाऱ्याचा हात मिठावर सैल पडला तरी पंगत निभावून नेते. नाना आले नसतील तर मात्र मांडव खोळंबतो. नाना मुलीचे बाप नसतात, मामा नसतात, बहुतेक वेळा भाऊबंदही नसतात. त्यांच्याकडे कुठलं पद नाही. सोयगावला नगरपंचायत व्हायच्या आधी ग्रामपंचायतीला उभे राहिले होते, पडले. तरी त्यांच्यावाचून अडतं. कुणाला फेटा, कुणाला शाल, कुणाला टॉवेल-टोपी आणि कुणाला नुसता गंधाचा टिळा, हे सगळं दफ्तर त्यांच्या डोक्यात आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठे नाही.

नाना हे एकाच माणसाचं नाव समजू नका. हा नमुना सिल्लोडला तात्या असतो, पाचोऱ्याला अण्णा आणि जामनेरला बापू. आमच्याकडे तो नाना आहे, एवढंच. फक्त आमच्या नानांचं काम जरा जिकिरीचं. सोयगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. कचेरीची कामं घाट चढून छत्रपती संभाजीनगरला आणि बाजारहाट खाली जळगावला. सोयरीक दोन्हीकडे होते, त्यामुळे मराठवाड्याचे मान वेगळे आणि खानदेशाचे वेगळे, आणि दोन्हीकडचे रुसवे एकाच मांडवात सांभाळायचे.

दफ्तराच्या पायऱ्या अशा. सगळ्यांत वर तो, ज्याला खुर्चीवर बसवून डोक्यावर फेटा बांधतात. त्याच्या खाली तो, ज्याच्या हातात फेट्याची घडी ठेवतात. म्हणजे मान कबूल, पण बांधायला सवड नाही. मग शाल-नारळ. मग टॉवेल-टोपी. त्यातही टोपी डोक्यावर घालून टॉवेल खांद्यावर टाकला तर एक दर्जा, आणि दोन्ही एकावर एक ठेवून हातात दिलं तर दुसरा. त्याखाली नुसती टोपी. त्याखाली नुसता नारळ. आणि अगदी तळाला, 'जेवल्याशिवाय जाऊ नका बरं का' हे वाक्य. हे वाक्य घेऊन घरी गेलेला माणूस पुढच्या निवडणुकीत काय करतो, याचा अनुभव गावात बऱ्याच जणांना आहे.

नानांच्या स्वतःच्या टोप्या तीन: लग्नाची, बाजाराची आणि मयतीची. लग्नाची टोपी रात्रभर गादीखाली असते आणि सकाळी तिच्या कडेने पपई कापावी. मयतीची मुद्दाम चुरगळून ठेवलेली. "दुःखात माणूस इस्त्री करून आला, असं दिसू नये." सदऱ्यांचाही क्रम ठरलेला. नवा सदरा पहिलं वर्ष लग्नाला, दुसरं वर्ष बाजाराला, तिसरं वर्ष पंचायत समितीला, कारण तिथे थोडं गरीब दिसावं लागतं. चौथ्या वर्षी वावरात. नीळ किती, खळ किती, हे परटाला समोर उभं राहून सांगणार. वरच्या खिशाचं कापड मुद्दाम पातळ, आतली नोट बाहेरून दिसावी इतकं. नोट एकच असते. ती खर्च करायची नसते.

दुपारी नाना एसटी स्टँडवर बसतात. जळगावहून गाडी आली की उतरणारा प्रत्येक माणूस पायरीवर असतानाच वाचून होतो. सदरा आत खोचलेला, काळे बूट, बॅग पोटाशी धरलेली: विमा एजंट. नवी कोरी पँट, मानेवर पावडरचा थर: मुलगी बघायला आलेला. त्याच्यामागे खांद्यावर बागायती रुमाल, आणि आधी कोपऱ्यावरचं पानाचं दुकान बघतो, तो त्याचा मामा. पूर्वी सफारी दिसली की ग्रामसेवक किंवा कंत्राटदार हे नक्की असायचं. आता सफारी शाळेच्या शिपायाकडेही राहिली नाही आणि साहेब लोक टीशर्टवर फिरतात, त्यामुळे धंदा अवघड झाला असं नाना म्हणतात. पण चुकत नाहीत. मला म्हणतात, "गुरुजी, कपडे उसने मिळतात, चपला मिळत नाहीत. आधी खाली पाहावं, मंग वर."

हे शिक्षण घरातलं. नानांचे आजोबा निजामाच्या राज्यातले माणूस. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि हैदराबादच्या दरबारात डोक्याला दस्तार आणि कमरेला बगलूस नसेल तर आत पाऊल पडत नसे. आजोबा दरबारात कधी गेले नाहीत. कचेरीच्या व्हरांड्यापुढे त्यांची मजल नव्हती. पण बगलुसाच्या पट्ट्याचं वर्णन असं करत, की जणू रोज संध्याकाळी काढून खुंटीला लावतात. नानांना हे सगळं पाठ आहे. फक्त एक गोष्ट त्यांना अजून पचलेली नाही. या थाटाचा धनी सातवा निजाम, मीर उस्मान अली खान. फेब्रुवारी १९३७ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याचं चित्र मुखपृष्ठावर छापलं. आणि हा गृहस्थ स्वतः चुरगळलेली शेरवानी आणि जुनाट टोपी घालून वावरायचा. मी हे प्रथम सांगितलं तेव्हा नाना म्हणाले, "कंजूस असंल." मग थोड्या वेळाने, तंबाखू मळून झाल्यावर: "तसं नाही. त्याच्यावर कोणी नव्हतं ना. ज्याच्यावर कोणीच नाही, त्याले इस्त्री कायले लागते?"

मराठेशाहीत तर नेमणूकच कापडाची. पेशवेपद मिळालं, असं म्हणण्याऐवजी पेशवाईची वस्त्रं मिळाली, असं म्हणत. १७२० साली शाहू महाराजांनी बाजीरावाला ती वस्त्रं दिली, तेव्हा त्याने विशीही गाठलेली नव्हती आणि दरबारातल्या जाणत्यांना ते रुचलं नव्हतं. हा प्रसंग नानांना इतका ओळखीचा वाटतो की ते जणू त्या दरबारात हजर होते. पोराला आधी फेटा बांधला म्हणून खुर्ची मागे सरकवून बसलेली म्हातारी माणसं त्यांनी प्रत्येक मांडवात पाहिली आहेत. त्यावरचा त्यांचा तोडगा असा, की फेटेवाला एकाऐवजी दोन आणायचे आणि दोघांना एकाच क्षणी सुरू करायला सांगायचं.

या दफ्तराची एक बाजू नाना आपण होऊन सांगत नाहीत, ती मला सांगायला हवी. कापडाने मान द्यायचा, तसा कापडानेच माणूस खालीही ठेवायचा, हे इथल्या गावांना चांगलं ठाऊक होतं. काही जातींच्या बायकांचं लुगडं नेसणं, त्यांच्या हातागळ्यातले दागिने हे असेच असायचे, की जात लांबून दिसावी. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकर बायकांना म्हणाले, की जे नेसणं आणि जे दागिने तुमची जात ओळखू आणतात ते सोडा, इतर बायका नेसतात तसं लुगडं नेसा. आणि बायकांनी ते लगेच केलं. पुतळ्यातले बाबासाहेब नेहमी कोटात का असतात, हे ज्याला कळलं नाही त्याला कपड्यांमधलं काहीच कळलं नाही, असं माझं मत आहे. नाना या मतावर हो किंवा नाही काहीच बोलत नाहीत. पण एकदा गावातल्या बौद्ध मास्तरांच्या मुलाच्या लग्नाला ते गेले. नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत, आल्यागेल्याला एकेक फूल, फेटा नाही, टॉवेल नाही, आधी कोण आणि मागून कोण याची यादी नाही. दफ्तरदाराला तिथे कामच नव्हतं. नाना पंगतीत बसले, पोटभर जेवले आणि घरी येऊन म्हणाले, "बरं वाटलं. पण चुकल्यासारखं होत होतं."

त्यांना खरा कंठ फुटतो तो बस्त्याच्या दिवशी. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, आणि तो बांधायला आमच्याकडची मंडळी जीप भरून जळगावच्या फुले मार्केटात जातात. नाना जीपमध्ये पुढे. दुकानात गादीवर बसलं, चहा आला, की नवरीच्या शालूपाशी बायका रमतात. नाना तिकडे बघतही नाहीत. नवरीची साडी कुणी कशीही घ्यावी, त्यात भानगड नसते. भानगड खालच्या ढिगात असते. आत्याची साडी मामीच्या साडीपेक्षा स्वस्त नको, महाग तर अजिबात नको, आणि सारखीच घेतली तर दोघी रुसणार. दुकानदाराला हे ठाऊक असतं. त्याच्याकडे एकाच किमतीच्या, पण आत्याला आपली भारी वाटेल आणि मामीला आपली, अशा साड्या वेगळ्या काढलेल्या असतात. त्याच्या खाली 'द्यायच्या' साड्यांचा गठ्ठा. या साड्या नेसण्यासाठी नसतात, हे देणारीला, घेणारीला आणि विणणाऱ्यालाही माहीत असावं. आणि सगळ्यांत खाली, गोणीत, टॉवेल-टोप्या.

हा टॉवेलही गमतीचा प्राणी. आमच्याकडचा कापूस ट्रकमध्ये बसून निघून जातो आणि कधीतरी, बहुधा सोलापूरहून, टॉवेल होऊन परत येतो. आल्यावर मात्र तो कुणाचंही अंग पुसत नाही. या लग्नात मिळालेला पुढच्या लग्नात द्यायचा, अशी त्याची आयुष्यभर पायपीट. नानांनी एकदा गंमत म्हणून एका टॉवेलच्या कोपऱ्याला निळ्या शाईचा ठिपका दिला आणि जरंडीच्या एका लग्नात तो देऊन टाकला. पुढे तो बनोटीत कुणाच्या खांद्यावर दिसला, सावळदबाऱ्याहून आलेल्या एका पाहुण्याच्या पिशवीत दिसला, आणि काही वर्षांनी नातवाच्या जावळाला सोयऱ्यांनी समारंभपूर्वक नानांच्याच खांद्यावर टाकला. घडी मोडलेली नव्हती. नानांनी हात जोडले. नानी आतून म्हणाल्या, "घरचा आला वाटतं."

नानींचा विषय निघाला म्हणून अजिंठ्याची गोष्ट सांगतो. लेणी आमच्या उशाशी, म्हणून गावातली निम्मी माणसं तिथे पाहुणे आले तरच जातात. नातवाच्या सासरचे आले म्हणून नाना-नानी, पाहुणे आणि मी असे फर्दापूरला उतरलो, तिथून लेण्यांची बस. फर्दापूरच्या नाक्यावरच नानांना पहिला धक्का बसला. पुण्याकडची दिसणारी एक मुलगी गुडघ्यावर फाटलेली पँट घालून हॉटेलात सगळ्यांचं बिल देत होती. नानांनी तिच्या चपला पाहिल्या आणि हळूच म्हणाले, "मोठ्या घरची आहे. मंग शिवत का नाही?"

सतराव्या लेण्यात अंधार, गर्दी, गाईडची बॅटरी. मी सहज म्हणालो, "नाना, यातला राजा कोणता, सांगा बरं." हा प्रश्न म्हणजे त्यांच्या विद्येला मुजरा होता. नानांनी भिंत वाचली. एकीकडे काही लोक उघड्या अंगाने, कमरेला झिरझिरीत वस्त्र. दुसरीकडे एक जण पूर्ण बाह्यांचा शिवलेला अंगरखा आणि डोक्यावर टोपी घालून उभा. नानांनी क्षणाचाही विलंब न लावता टोपीवाल्याकडे बोट दाखवलं. गाईड हसला. टोपीवाला चाकर होता. पंधराशे वर्षांपूर्वीच्या, वाकाटकांच्या काळातल्या त्या भिंतींवर राजे, राण्या, राजपुत्र बहुतेक उघड्या अंगाचे आहेत. त्यांचा दर्जा मुकुटात, मोत्यांत आणि वस्त्राच्या तलमपणात. शिवलेले, बाह्यांचे, अंगभर कपडे आहेत ते सेवकांना, शिपायांना, नाचणाऱ्या बाईला आणि परदेशातून आलेल्या उंच टोप्यांच्या पाहुण्यांना.

पाहुण्यांसमोर विद्या पालथी पडली. नाना गप्प बसणारे नव्हतेच. "राजा घरात आहे. घरात मीबी बनेलवर असतो." मग म्हणाले की चित्रकाराला राजा कधी दिसलाच नसणार. मग उकाड्यावर घसरले. शेवटी नानी, ज्या एवढा वेळ ओट्यावर गुडघे चोळत बसल्या होत्या, म्हणाल्या, "आपल्या वावरात येचणीले बाया येतात, त्यांच्या अंगात काय असतं?"

नाना उत्तर देईनात, म्हणून मी देतो. कापूस वेचणाऱ्या बायका लुगड्यावर पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी हात ओरबाडतात, ऊन भाजतं, म्हणून. आमच्या शिवारात दिवाळीनंतर हे सदरे रांगेने वाकलेले दिसतात, आणि त्यातले काही चौथं वर्ष संपलेले, नानांचे असतात. "राजाले काटे टोचत नाहीत," नानी म्हणाल्या. "काम करतो त्याच्या अंगाले बाह्या लागतात." अजिंठ्याच्याच भिंतींवर कापसातली सरकी वेगळी करणारी बाईही चितारलेली आहे, असं अभ्यासक सांगतात. नानींना ती कुणी दाखवली नव्हती. परतीच्या बसमध्ये नाना पाहुण्यांना हिमरूची शाल कशी ओळखायची ते सांगत होते: किनखाबाची ऐट, पण ताणा सुताचा, म्हणजे खिशाला मानवेल अशी. मला वाटतं, सुतावर आल्यावरच त्यांना पुन्हा पायाखाली जमीन लागली.

त्यानंतर बरेच दिवस ते जरा नरम होते. त्यांना बरं वाटावं म्हणून मी एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चीनच्या बादशाहीची गोष्ट काढली. जगात तुमचा बिरादर कुठे असेल तर तिथे, असं मी म्हणालो. तिथे १३९१ साली मिंग घराण्याने नियमच केला, की अधिकाऱ्याने छातीवर आणि पाठीवर भरतकामाचा चौकोनी तुकडा लावायचा. मुलकी अधिकाऱ्याला पक्षी, लष्करी अधिकाऱ्याला जनावर. दर्जे नऊ. नाना ताठ बसले. पुढे मांचूंच्या राज्यात ठरलेली पक्ष्यांची यादी मी सांगू लागलो: पहिला क्रौंच, दुसरा सोनेरी तितर, तिसरा मोर...

"मोर तिसरा?" नाना उखडले. मोर आपला राष्ट्रीय पक्षी, आणि त्याला दोघांच्या मागे खुर्ची! मी पुढे गेलो. चौथा रानहंस, पाचवा रुपेरी तितर, सहावा बगळा. तेवढ्यात समोरच्या रस्त्याने एक कार्यकर्ता कडक पांढऱ्या लिननमध्ये मोटारसायकलवरून गेला. नाना त्याच्याकडे बघत म्हणाले, "बगळा बरोबर ठेवला." आठवा लावा आणि नववा स्वर्गीय नर्तक, ही नावं ऐकून ते म्हणाले की आपल्याकडे स्वर्गीय म्हटल्यावर मान एकदम वाढतो, तिथे तळाला गेला. लष्करातल्या वाघ-सिंहांत त्यांना रस वाटला नाही. सिंहाच्या वर, पहिल्या दर्जाला, कुणी न पाहिलेलं काल्पनिक जनावर आहे हे मात्र त्यांना पटलं. वरच्या साहेबाला कुणी पाहिलेलं नसतंच.

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले, आणि ते इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात मला सापडले नसते. हा तुकडा सरकार देतं की स्वतः आणायचा? स्वतः करून घ्यायचा. मग बढती झाली तर सगळाच टाकायचा का? शेवटच्या काळात तुकड्यावरचा पक्षी वेगळा टाचलेला असायचा. बढती झाली की ढग, लाटा, सूर्य तसेच ठेवायचे, नुसता पक्षी बदलायचा. नानांनी मांडीवर थाप मारली. काटकसरी लोक! आणि एखाद्याने नसलेला पक्षी लावला तर? नियम कडक होते, पण शेवटी शेवटी खजिना रिकामा झाला तेव्हा सरकारच दर्जे विकायला बसलं. "म्हणजे 'भावी आमदार'," नाना म्हणाले. आमच्या चौकात अशा भावी पक्ष्यांचे फलक वाढदिवसाला लागतात.

व्यापाऱ्यांची गोष्ट तर फार जुनी. इ.स.पू. १९९ मध्ये हान घराण्याच्या पहिल्या बादशहाने व्यापाऱ्यांना रेशमी कापड घालायला बंदी केली, घोड्यावर बसायलाही बंदी केली. पैसा असला म्हणून थाट करायचा नाही. नानांना यात नवल वाटेना. "रेशीम विकणाऱ्याले रेशीम नाही. आपल्याकडे कापूस पिकवणाऱ्याची बंडी पाहा. हुकूम नाही काढला, एवढाच फरक." पुढच्या काळातल्या बादशहाच्या झग्यावरच्या ड्रॅगनला पाच नखं आणि खालच्या सरदारांच्या ड्रॅगनला चार, हे सांगितल्यावर ते बराच वेळ हाताच्या बोटांकडे बघत राहिले. असा एका नखाचा फरक आपल्याला सुचला नाही, याचं त्यांना वाईट वाटत असावं.

तिथे अधिकाऱ्याची बायको नवऱ्याच्याच दर्जाचा पक्षी लावायची, असं मी म्हणालो आणि नानी आतून बाहेर आल्या. आमच्याकडे हे उलटं आहे. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. सरपंच बाई होते आणि कडक इस्त्रीचा सदरा नवरा शिवून घेतो. सत्कार तिचा, फेटा याला. ती पदर घेऊन मागे उभी, आणि फोटोखाली तिचं नाव. नानांना मी विचारलं, तुमच्या दफ्तरात सरपंचबाईला काय? साडी-चोळी, ते म्हणाले. आणि तिच्या नवऱ्याला? फेटा. का? नाना नानींकडे बघून चहा झाला का विचारू लागले. नानी म्हणाल्या, "तिले फेटा बांधा. डोकं तिलेबी आहे." शेजारच्या गावातल्या एका कार्यक्रमात खरंच सरपंचबाईंना फेटा बांधला गेला, त्यामागे नानाच होते असं लोक म्हणतात. नाना कबूल करत नाहीत.

१९१२ मध्ये चीनची बादशाही संपली आणि छातीवरचे सगळे पक्षी उडाले, असं सांगून मी गोष्ट आवरत होतो. पुढे माओच्या राज्यात तर सगळे एकाच बटणबंद कोटात, आणि १९६५ साली सैन्यातले हुद्देच रद्द केले. सेनापती काय, शिपाई काय, सगळ्यांचा गणवेश सारखा, टोपीवर सारखा लाल तारा. नानांनी शांतपणे विचारलं, "खिसे किती?"

मी थक्क झालो. कारण उत्तर खरंच खिशातच होतं. अधिकाऱ्याच्या कोटाला चार खिसे होते आणि शिपायाच्या कोटाला दोन. नाना समाधानाने हसले. अजिंठ्यात गेलेली अब्रू त्यांना माओच्या खिशात परत मिळाली.

आणि या खिशाच्याच बळावर ते सध्याचा बिकट काळ काढत आहेत. आता लग्नाचं कंत्राट असतं. मांडवाच्या दारातच फेटेवाल्यांची टोळी उभी असते आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला एकाच रंगाचं कापड गुंडाळून मोकळी होते. व्याह्याला तेच, वाजंत्र्याला तेच, जीपच्या ड्रायव्हरला तेच. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा नाना मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले होते. पाचशे डोकी, एकच रंग. पण माणूस हरणारा नाही. पुढच्याच लग्नात त्यांनी खिसे मोजायला सुरुवात केली. फेटा दारात उभ्याने बांधला की आत खुर्ची देऊन? शेमला कमरेपर्यंत की नुसता मानेपर्यंत? बांधणाऱ्याने बांधताना कानाला मोबाइल लावला होता का? फेटा घरी न्यायचा की जेवण झाल्यावर परत द्यायचा? आणि छातीवर बिल्ला आहे का? हे बिल्ले आता त्यांचं लाडकं खातं आहे: सोनेरी कागद, खाली साटीनच्या दोन पट्ट्या, मध्ये 'स्वागतोत्सुक'. त्यावर पक्षी भरता येईल का, असं त्यांनी जळगावच्या एका दुकानात विचारल्याचं माझ्या कानावर आलं आहे.

मध्यंतरी गावात बैठक झाली. लग्नातला फेटे, शाली, टॉवेल-टोपीचा वायफळ खर्च बंद करावा आणि तो पैसा शाळेला द्यावा, असा ठराव आला. ठरावाला अनुमोदन नानांनी दिलं, आणि मनापासून दिलं. कर्ज काढून बस्ता बांधणारी घरं त्यांच्याइतकी कुणी पाहिलेली नाहीत. ठराव एकमताने मंजूर झाला. मग अध्यक्षांचा सत्कार करायचा राहिला. नुसता नारळ द्यावा तर अध्यक्ष शेजारच्या तालुक्यातले, वयाने मोठे, आणि मागच्या वर्षी त्यांनी आपल्या माणसांना फेटे बांधलेले. सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. अध्यक्षांना फेटा झाला. अध्यक्षांना झाला म्हणून ठराव मांडणाऱ्याला शाल झाली, आणि सभेला आलेल्या बाकी पाहुण्यांसाठी नानांच्या घरून टॉवेलची गोणी आली.

यंदा तिथी भरपूर आहेत. आमच्याकडचं आमंत्रण आलं तर जरूर या. कपडे काहीही घाला, चपला मात्र धड असू द्या. खांद्यावर टॉवेल पडला तर नको म्हणू नका, आणि त्याच्या कोपऱ्यात निळा ठिपका दिसला तर कृपा करून अंग पुसायला काढू नका. तो पुढच्या लग्नात द्यायचा आहे.